तिजोरीला टाळं: लावायला एक, उघडायला तिघे

आमच्या गावच्या देवळातली फंडपेटी उघडायचा दिवस मला लहानपणापासून आवडतो. लोखंडी पेटी आणि तिला तीन कुलपं. एक चावी अध्यक्षांकडे, एक खजिनदारांकडे, एक मुखत्यारांकडे. तिघेही चौकात येऊन बसले की मगच पेटी उघडायची, सतरंजीवर ओतायची आणि आम्ही पोरांनी नाणी वेगळी, नोटा वेगळ्या करायच्या. त्या वर्षी माझे काका खजिनदार होते. अध्यक्ष आजारी पडून मुंबईला मुलाकडे गेले आणि पेटी महिना-दीड महिना तशीच राहिली. वरच्या फटीतून नोटा डोकावायला लागल्या, तरी कुलपाला कुणी हात लावला नाही.

तेच काका परवा माझं फोनवरचं बोलणं ऐकत बसले होते. मी म्हणत होते, "सर्व्हर सील करून परत उघडून बघितला, सगळं ठीक आहे." फोन ठेवताच त्यांनी काळजीने विचारलं, "बाय, सील कोणी केला? पंचायतीने?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे 'सील' म्हटलं की दुकानाच्या दारावरची नोटीस आणि लाखेचा ठसाच डोळ्यासमोर येतो. मी त्यांना समजावत गेले, तेच इथे लिहिते आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम जाहीर झाल्यापासून हॉटेलवाले, डॉक्टर आणि सोसायट्या 'डेटा सुरक्षित ठेवा' हे वाक्य रोज ऐकत आहेत. ठेवायचा कसा, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. या लेखात त्यातली एकच गोष्ट आहे: गुपितं सांभाळणारा सर्व्हर, आणि त्याला एका ओळीत टाळं ठोकणारी आज्ञा.

गुपित म्हणजे काय आणि ते कुठे पडलेलं असतं

आमच्या गोव्यात कळंगुटच्या एखाद्या हॉटेलात परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलवाला पासपोर्ट स्कॅन करतो आणि चोवीस तासांच्या आत पाहुण्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवतो. पासपोर्टची ती प्रत हॉटेलच्या बुकिंग सॉफ्टवेअरमध्ये राहते आणि सॉफ्टवेअर ती डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या कोठारात, ठेवतं. डेटाबेसला पासवर्ड असतो. तो पासवर्ड माणूस टाइप करत नाही. रात्री दोन वाजताही सॉफ्टवेअर आपलं आपण डेटाबेसशी बोलत असतं, त्यामुळे पासवर्ड त्याला कुठेतरी लिहून द्यावा लागतो.

हा 'कुठेतरी' म्हणजेच सगळी अडचण. बहुतेक ठिकाणी तो प्रोग्रामच्या फायलीतच लिहिलेला असतो. घराची चावी पायपुसण्याखाली ठेवण्यातलाच हा प्रकार. फाइल एका प्रोग्रामरकडून दुसऱ्याकडे जाते, बॅकअपमध्ये जाते, ईमेलला जोडली जाते. २०१६ साली उबर कंपनीच्या इंजिनियरांनी गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या आपल्या खाजगी कपाटात ठेवलेल्या कोडमध्ये क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरांच्या, चाव्या होत्या. चोर त्या कपाटात शिरले, चाव्या उचलल्या आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी नि चालकांची माहिती घेऊन गेले. डेटाबेसचं कुलूप फोडायची वेळच त्यांच्यावर आली नाही.

अशा पासवर्डांना, चाव्यांना आणि प्रमाणपत्रांना या धंद्यात 'सीक्रेट्स' म्हणतात. मी 'गुपितं' म्हणेन. ती फायलींमधून काढून एका जागी ठेवायची आणि ज्या प्रोग्रामला हवं त्याने ओळख पटवून मागून घ्यायचं, या कल्पनेवर जी साधनं आली त्यातलं सर्वांत परिचित नाव व्हॉल्ट. हॅशीकॉर्प कंपनीने ते २०१५ मध्ये आणलं. २०२३ मध्ये कंपनीने परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हा त्याच कोडवरून ओपनबाओ नावाचा खुला प्रकल्प वेगळा निघाला. पुढे हॅशीकॉर्पच आयबीएमने विकत घेतली. टाळं ठोकायची रीत दोन्हीकडे तीच आहे.

सर्व्हर चावी 'विसरतो'

इथे थोडं सावकाश जाऊया, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

संगणकाला दोन जागा असतात. एक डिस्क. तिच्यावर लिहिलेलं वीज गेली तरी राहतं. दुसरी मेमरी. ती फक्त चालू असेपर्यंतची. घरातल्या बाईला कुठल्या डब्यात किती तांदूळ आहेत हे तोंडपाठ असतं, ती मेमरी. वहीत लिहिलेला हिशेब ती डिस्क.

व्हॉल्ट डिस्कवर जे जे लिहितो ते सांकेतिक, म्हणजे चावीशिवाय न वाचता येणाऱ्या लिपीत. कोणी अख्खी डिस्क काढून नेली तरी त्याच्या हाती नुसता कचरा लागतो. ती लिपी उलगडणारी चावीही डिस्कवरच असते, पण ती स्वतः दुसऱ्या एका चावीने बंद केलेली असते. त्या दुसरीला मूळ चावी म्हणतात, आणि ती तिसऱ्या चावीने बंद असते. पेटीत पेटी, तिच्यात आणखी एक पेटी. ही तिसरी चावी मात्र सर्व्हरवर कुठेच लिहिलेली नसते. ती माणसांकडे असते.

सर्व्हर सुरू होतो तेव्हा त्याच्या ताब्यात ही सगळी बंद पेटी असते, पण उघडायचं साधन नसतं. या स्थितीला 'सील्ड' म्हणतात. माणसं येतात, आपापली चावी देतात. सर्व्हर मूळ चावी उघडून मेमरीत धरतो आणि कामाला लागतो. हे 'अनसील' झालं.

आणि 'सील' करणं म्हणजे याच्या उलट. सर्व्हरला सांगायचं की मेमरीतली ती मूळ चावी टाकून दे. त्या क्षणापासून त्याला स्वतःचीच डिस्क वाचता येत नाही. कोणी गुपित मागितलं तर तो नकार देतो. 'मी बंद आहे' एवढंच तो सांगू शकतो आणि उघडण्यासाठी कोणी चावी दिली तर ती घेऊ शकतो. बाकी सगळी दारं मिटलेली. लाख नाही, नोटीस नाही. सर्व्हर जागा असतो, फक्त आत काय आहे हे त्याला आठवत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज जायची ती जातेच. वीज गेली, सर्व्हर बंद पडून परत सुरू झाला, तर तो सील्ड स्थितीतच उठतो. मेमरी पुसली गेली ना. नवीन माणसाला हे बिघाड वाटतो, पण हा बिघाड नाही. कोणी मशीनच उचलून नेऊन दुसरीकडे चालू केलं, तरी ते असंच मुकाट बसेल.

तीन चाव्या, पण कुठल्याही तीन

काकांना पेटी कळत होती, म्हणून पुढचं त्यांना लगेच पटलं. ती तिसरी चावी एकाच माणसाकडे दिली तर तो माणूस म्हणजेच तिजोरी. तो आजारी पडला, नोकरी सोडून गेला, कोणी त्याला धमकावलं, की संपलं. आपल्या पेटीसारखी तीन कुलपं केली तर तिघांपैकी एकही मुंबईला जाऊन चालत नाही.

व्हॉल्टमध्ये सुरुवातीला काहीच वेगळं सांगितलं नाही तर चावीचे पाच तुकडे होतात आणि त्यातले कुठलेही तीन एकत्र आले की चावी तयार होते. दोन हरवले तरी अडत नाही. दोन चोरांच्या हाती लागले तरी त्यांना काही कळत नाही.

'तुकडे' म्हटल्यावर वाटेल, दोन तुकडे मिळाले म्हणजे निम्म्याहून जास्त चावी मिळाली आणि उरलेलं अंदाजाने जुळवता येईल. तसं नाही. या हिशेबाची युक्ती अदी शमीर या इस्रायली संशोधकाने १९७९ मध्ये मांडली. त्याच वर्षी जॉर्ज ब्लेकली यानेही स्वतंत्रपणे अशीच एक रीत दिली होती. युक्ती शाळेतल्या गणिताने कळते.

समजा गुपित आहे ७. मी मनात एक वाढ ठरवते, ४. आता पहिल्या माणसाला सांगते ११, दुसऱ्याला १५, तिसऱ्याला १९. पहिल्याला फक्त एवढं ठाऊक आहे की पहिल्या पायरीवर ११ आहे. वाढ किती ते त्याला माहीत नाही. वाढ १ असेल तर गुपित १०, वाढ ९ असेल तर २, काहीही असू शकतं. पण पहिला आणि तिसरा एकत्र आले की दोन पायऱ्यांत ८ वाढले, म्हणजे पायरीला ४, म्हणजे शून्याव्या पायरीवर ११ वजा ४, सात. कुठलेही दोघे पुरतात. एकटा कितीही हुशार असो, त्याच्या हाती अक्षरशः काहीच नाही.

हे दोघांचं झालं. तिघे लागावेत असं हवं असेल तर वाढ ठरावीक ठेवायची नाही, तीही पायरीगणिक बदलत न्यायची. सरळ रेषेच्या जागी वळण येतं. मांडवी नदीत भिरकावलेल्या दगडाची वाट जशी वर चढून खाली येते, तसं. अशा वळणावरच्या दोन जागा माहीत असल्या तरी त्यांतून हवी तेवढी वळणं काढता येतात. तिसरी जागा कळली की वळण पक्कं होतं. प्रत्यक्षात संख्या प्रचंड असतात आणि हिशेब जरा वेगळ्या अंकगणितात चालतो, पण गाभा हाच. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री वहीवर दहा-बारा वेळा हिशेब करून पाहिला होता. इतक्या साध्या गोष्टीवर एवढा भरवसा ठेवता येतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

टाळं ठोकताना पडद्यावर काय दिसतं

आता ती आज्ञा. काळ्या पडद्यावर, ज्याला टर्मिनल म्हणतात, तिथे कर्सर लुकलुकत असतो. माऊस नाही, बटणं नाहीत. आधी कुठल्या सर्व्हरशी बोलायचं त्याचा पत्ता सांगून ठेवलेला असतो. आपण कोण हे सांगणारं टोकन, म्हणजे तात्पुरतं ओळखपत्र, दिलेलं असतं. मग तीन शब्द टाइप करायचे. पडद्यावर ते इंग्रजी अक्षरांत असतात, मी नागरीत लिहिते: व्हॉल्ट ऑपरेटर सील. एंटर.

डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उत्तर येतं की व्हॉल्ट सील झाला. 'नक्की ना?' असं तो विचारत नाही. मला हे सुरुवातीला भीतीदायक वाटायचं. आता वाटतं, आग लागल्यावर मेन स्विच 'खात्री आहे का' विचारत बसला तर काय उपयोग.

मग व्हॉल्ट स्टेटस असं टाइप केलं की एक छोटा तक्ता दिसतो. सील्ड: ट्रू. एकूण तुकडे: ५. लागतात: ३. उघडण्याची प्रगती: शून्य भागिले तीन. उघडायला व्हॉल्ट ऑपरेटर अनसील. तो तुकडा मागतो आणि आपण टाइप करताना पडद्यावर एकही अक्षर उमटत नाही, म्हणजे मागे उभ्या माणसाला काही दिसू नये. आज्ञेच्याच ओळीत तुकडा चिकटवायची सोय आहे, पण ती वापरू नका. ती ओळ संगणकाच्या इतिहासात राहून जाते. एक तुकडा दिला की एक भागिले तीन. दुसऱ्याने आपल्या घरून, आपल्या संगणकावरून दिला की दोन भागिले तीन. तिघांनी एका खोलीत असायची गरज नाही आणि कोणी कोणाचा तुकडा बघायचीही गरज नाही. तिसरा पडला की सील्ड: फॉल्स.

'मग सरळ सर्व्हरच बंद करा की'

हा पहिला आक्षेप नेहमी येतो. बंद केला तरी मेमरी जाते, हे खरं. पण बंद सर्व्हर काहीच बोलत नाही. तो बंद केला, बिघडला की नेटवर्क तुटलं, हे बाहेरून कळत नाही. सील केलेला सर्व्हर प्रत्येक विचारणाऱ्याला स्पष्ट सांगतो की मी सील आहे, त्यामुळे देखरेख करणाऱ्यांना चित्र लगेच कळतं. शिवाय सर्व्हरच्या मशीनवर शिरायची परवानगी एकाकडे आणि सील करायचा अधिकार दुसऱ्याकडे असू शकतो. रात्री पहाऱ्यावर असलेल्याला मशीनची चावी न देता टाळं ठोकायचा अधिकार देता येतो.

एक बारीक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. मोठ्या ठिकाणी एकाच्या जोडीला दोन-तीन राखीव सर्व्हर ठेवलेले असतात. पुढचा पडला की मागचा काम हाती घेतो. अशा ठिकाणी ही आज्ञा फक्त पुढच्या, कामावरच्या सर्व्हरला टाळं लावते. राखीव सर्व्हर सील व्हायला ते परत सुरू करावे लागतात. पुढचं दार लावून मागचं उघडं राहिलं असं व्हायला नको.

'एकट्याच्या हातात एवढी सत्ता?'

उघडायला तिघे आणि लावायला एकच, हे काकांना उलटं वाटलं. त्यांच्या समितीत कुलूप लावतानाही तिघे समोर असतात.

पण दोन्ही कामांतला धोका सारखा नाही. चुकून उघडलं तर गुपितं बाहेर जातात आणि ती परत येत नाहीत. चुकून लावलं तर काम खोळंबतं आणि तिघांनी येऊन उघडलं की पूर्ववत होतं. त्यातून, चोर आत असताना तिघांना गोळा करण्यात जाणारा प्रत्येक क्षण चोराचा असतो. म्हणून लावणं सोपं ठेवलं आहे.

एकट्याच्या हातात असलं तरी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात नाही. सील करायला सर्वाधिकार असलेलं टोकन लागतं, किंवा त्या एका कामासाठी मुद्दाम दिलेला खास अधिकार. नाराज कर्मचारी याचा गैरवापर करून सेवा बंद पाडू शकतो, हा धोका आहेच. तो नाकारून चालणार नाही. म्हणून हा अधिकार मोजक्या माणसांना द्यावा, आणि कोणी कधी वापरला याची नोंद व्हॉल्टच्या बाहेर दुसरीकडे जाऊन पडेल अशी सोय करावी.

चवथीची ती दुपार

मी तेव्हा हॉटेलांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत होते. चवथीचा दुसरा दिवस. घरात गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधलेली, पाहुणे जेवून पानं उचलत होते आणि त्या आठवड्याचा पहारा माझ्याकडे होता. पावणेतीनला फोन वाजला. एका टोकनने दहा मिनिटांत शेकडो गुपितं वाचली होती, तेही कधी न पाहिलेल्या पत्त्यावरून. सुट्टीत असं कोणी काम करत नाही. मी दोन फोन लावून पाहिले, कोणी उचलले नाहीत. देवाच्या खोलीशेजारच्या पलंगावर बसून मी ते तीन शब्द टाइप केले.

टाळं लागलं. ज्या प्रोग्रामांनी सकाळीच पासवर्ड घेऊन ठेवले होते ते चालत राहिले. ज्यांना नव्याने मागायचे होते ते अडकले. काही हॉटेलांच्या काउंटरवर पाहुणे बॅगा घेऊन उभे राहिले आणि रिसेप्शनवाल्यांनी रजिस्टर काढून हाताने नोंदी घेतल्या. त्यांचा त्रास मला आजही आठवतो, कारण त्यातल्या काहींचे फोन मीच घेतले.

आता उघडायला तिघे हवे होते. पाच तुकडे पाच जणांकडे. त्यातला एक दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेला होता आणि आम्ही नवे तुकडे केलेच नव्हते. दुसरी काणकोणला माहेरी. तिच्याकडे लॅपटॉप होता, तुकडाही होता. एक भागिले तीन. तिसरा विमानात. चौथ्याचा तुकडा पर्वरीच्या कार्यालयातल्या खणात, बंद पाकिटात आणि तो स्वतः पेडण्याला. पाचवा वाळपईच्या पलीकडे, जिथे घरात फोन लागत नाही, रस्त्यावर यावं लागतं. त्याला निरोप पोचवायला शेजारच्या गावातल्या दुकानदाराला विनंती करावी लागली. तो रस्त्यावर आला, दोन भागिले तीन. चौथा गाडी काढून पर्वरीला पोचला तेव्हा रात्रीचे आठ वाजत आले होते.

आणि ते शेकडो वाचन? आमच्याच एका सहकाऱ्याने बॅकअपची नवी सोय लावून ठेवली होती आणि ती त्या दिवशी पहिल्यांदा चालली. चोर नव्हताच.

मला कोणी बोललं नाही. पण मी पुष्कळ दिवस विचार करत राहिले. टाळं लावलं ते योग्यच होतं आणि उद्या तसंच दिसलं तर मी परत लावेन. चुकलं ते आधी चुकलं होतं. पुढच्या वेळी पहाऱ्यावर जो असेल त्याच्या मनात 'उघडायला पाच तास लागतील' ही भीती असेल, आणि त्या भीतीने त्याचा हात थांबेल. हात थांबला तर ती आज्ञा असून नसल्यासारखी. टाळं बेधडक ठोकता येतं ते उघडायची तयारी असेल तेव्हाच.

'म्हणजे टाळं लावलं की चोरी थांबली?'

नाही, आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. सील केल्याने पुढची गुपितं मिळणं थांबतं. जी आधीच वाचून नेली आहेत ती चोराच्या खिशात आहेत आणि डेटाबेस त्या पासवर्डला अजूनही दार उघडतो. ते पासवर्ड बदलावेच लागतात, एकेक करून.

याहून एक अडचणीची बाब आहे. व्हॉल्ट काही पासवर्ड तासाभरापुरते तयार करून देतो आणि मुदत संपली की स्वतः जाऊन रद्द करतो. ही फार चांगली सोय आहे. पण सील असलेला व्हॉल्ट काहीच करू शकत नाही, रद्दही करू शकत नाही. मुदत संपलेले पासवर्ड तो परत उघडला गेल्यावरच साफ करतो. डेटाबेसने स्वतःकडे मुदत लिहून ठेवली असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर टाळं ठोकून आपण रद्द करणाऱ्यालाच झोपवलेलं असतं.

म्हणून माझं मत असं. एकच टोकन चोरीला गेलं असं दिसत असेल तर आधी ते टोकन रद्द करा. त्याबरोबर त्याने घेतलेली मुदतीची गुपितंही रद्द होतात. बाकीच्यांचं काम चालू राहतं. सर्व्हरच कोणाच्या ताब्यात गेल्याचा संशय असेल, किंवा कुठून गळतं आहे तेच कळत नसेल, तेव्हा टाळं. त्या दुपारी मी आधी टोकन रद्द करायला हवं होतं का? नोंदी पाहता, हो. एवढं शांत डोकं मला त्या क्षणी नव्हतं. आता आमच्याकडे ही दोन पावलं एका कागदावर क्रमाने लिहिलेली आहेत.

'चाव्याच हरवल्या तर?'

पाचांतले तीन तुकडे कायमचे गेले आणि सर्व्हर सील झाला, तर आतलं गेलं. हॅशीकॉर्पला फोन करून उपयोग नाही, कारण मागचं दार ठेवलेलंच नाही. हे कठोर आहे, पण त्यांच्याकडे चावी असती तर ती चोरांनाही मिळवता आली असती.

यावर दोन उपाय. पहिला, माणसं बदलली की तुकडेही बदला. त्यासाठी वेगळी आज्ञा आहे. सध्याचे तिघे तुकडे देतात, सर्व्हर नवीन पाच तुकडे करतो आणि जुने निकामी होतात. देवस्थानची समिती तीन वर्षांनी बदलते तेव्हा जुन्या समितीकडून चाव्या मोजून घेतल्या जातात, नोंद होते. सॉफ्टवेअर कंपन्यांत माणसं त्याहून लवकर बदलतात आणि नोंद मात्र कोणी करत नाही.

दुसरा उपाय, उघडायचं काम क्लाउडच्या चावी-सेवेकडे किंवा खास बनवलेल्या सुरक्षित यंत्राकडे सोपवायचं. मग वीज जाऊन आली तर सर्व्हर आपोआप उघडतो, रात्री कोणाला उठवावं लागत नाही. पण मग ते क्लाउडचं खातं ज्याच्या हाती, त्याच्या हाती तिजोरी. शिवाय ती क्लाउडमधली चावी पुसली गेली तर आपल्या हाती काहीच उरत नाही. लहान चमूने हा मार्ग घ्यावा असंच मी सांगते, कारण वाळपईच्या रस्त्यावर माणूस शोधत फिरण्यापेक्षा तो बरा. फक्त त्या खात्याला दुहेरी कुलूप हवं.

'आमच्या दहा खोल्यांच्या हॉटेलला याचं काय?'

खरं सांगायचं तर दहा खोल्यांच्या हॉटेलने व्हॉल्ट बसवू नये. तो सांभाळायला माणूस लागतो. तुमच्यासाठी चांगला पासवर्ड मॅनेजर, आणि पासपोर्टच्या प्रती व्हॉट्सॲपवर न पाठवण्याची सवय, एवढं पुष्कळ आहे.

पण तुमच्या पाहुण्यांची कागदपत्रं ज्या सॉफ्टवेअरमध्ये जातात ते चालवणाऱ्यांना तुम्ही विचारू शकता, आणि विचाराच. २०२३ च्या त्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि माहिती गोळा करणारे म्हणून जबाबदारी तुमच्यावर येते, तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यावर ढकलून ती संपत नाही. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवायचा नियम २०२२ पासून आहे. सहा तासांत आमचा व्हॉल्ट जेमतेम उघडला होता.

विचारायचं ते साधं. डेटाबेसचा पासवर्ड कुठे लिहिलेला आहे? गळती झाली असं वाटलं तर रात्री तीन वाजता टाळं कोण लावतं? आणि शेवटचं टाळं तुम्ही उघडून कधी पाहिलं? पहिल्या दोन प्रश्नांना तयार उत्तरं मिळतात. तिसऱ्याला पलीकडून बहुधा काही क्षण आवाज येत नाही. त्यावरून मी माणसं ओळखते.

आम्ही आता दर तीन महिन्यांनी सराव करतो. वेळ आधी सांगत नाही. मुख्य सर्व्हरची हुबेहूब नक्कल असलेला एक सर्व्हर मुद्दाम सील करायचा आणि घड्याळ लावायचं. पहिल्या सरावाला एक तास चाळीस मिनिटं लागली. वाळपईच्या मित्राने आपला तुकडा आता पर्वरीत राहणाऱ्या सहकाऱ्याच्या हवाली केला आहे, रीतसर नवे तुकडे करून. परवा ज्या फोनमुळे काकांनी पंचायतीचं विचारलं, तो याच सरावाचा होता. अकरा मिनिटं लागली. काकांना मी तक्त्यातली शेवटची ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, "तिघांची नावं लिहून ठेवलीस ना वहीत?"

ठेवली होती. तारखेसकट.